‘पित्त झालंय’ म्हणण्याआधी

परवा दुपारी नवी पेठेतल्या एका औषधाच्या दुकानापुढे उभी होते. माझ्या पुढे एक बाई. वय पस्तिशीच्या आसपास, अंगाने काटकुळी, जवळच्याच कापडाच्या दुकानात कामाला. तिने काउंटरवर दहाची नोट ठेवली आणि म्हणाली, "पित्ताची गोळी द्या." दुकानातल्या पोराने काही न विचारता दोन गोळ्या कापून दिल्या. तिने तिथेच एक तोंडात टाकली आणि उजव्या बरगडीखाली हात दाबून धरला. त्या हाताकडे बघून मी विचारलं, "ताई, दुखणं मागं खांद्यापर्यंत जातं का?" ती चमकली. "तुम्हाला कसं कळलं?"

कळायला अवघड काही नव्हतं. तसा हात धरून आलेल्या बायका मी वॉर्डात पुष्कळ पाहिल्यात. ही ताई दोन वर्षांपासून ‘पित्त’ म्हणून गोळ्या खात होती. महिन्यातून दोन-तीनदा रात्री कळ यायची, दोन-तीन तास राहायची, मग आपोआप थांबायची. एकदा ती एका दवाखान्यात गेलीही होती. तिथे पोटाला हात न लावता "तिखट खाऊ नका" एवढं सांगून तीच गोळी लिहून दिली. सोनोग्राफी कुणी सुचवली नाही. आता ती करून घेतली, तेव्हा पित्ताशयात खडे निघाले.

आपल्या बोलण्यातला ‘पित्त’ हा शब्दच इथे घात करतो. छातीत जळजळलं, आंबट पाणी तोंडात आलं, डोकं दुखलं, की आपण म्हणतो पित्त झालं. ते जठरातलं आम्ल असतं. खरं पित्त वेगळं. ते यकृतात तयार होतं, हिरवट-पिवळं आणि कडू असतं, आणि यकृताला चिकटलेल्या एका छोट्या पिशवीत साठतं. ती पिशवी म्हणजे पित्ताशय, डॉक्टर ज्याला गॉलब्लॅडर म्हणतात. त्यात जेमतेम अर्धी वाटी पित्त मावतं. आपण जेवलो, विशेषतः तेला-तुपाचं काही पोटात गेलं, की पिशवी आवळते आणि पित्त आतड्यात येतं. दुकानातली गोळी आम्ल कमी करते. पित्ताशयातल्या खड्याला ती काहीच करत नाही. उलट, गोळी घेतल्यावर कळ योगायोगाने थांबली की गोळीवरचा विश्वास वाढतो आणि तपासणी आणखी सहा महिने पुढे जाते.

दुसरा घात आमच्या पुस्तकांनी केला. नर्सिंगच्या डिप्लोमाला असताना खड्याचा पेशंट कोण हे लक्षात ठेवायला आम्हाला ‘एफ’ने सुरू होणारे पाच शब्द पाठ करायला लावले होते: फेअर, फॅट, फीमेल, फॉर्टी, फर्टाइल. म्हणजे गोरी, जाड, चाळिशीची, लेकुरवाळी बाई. बायकांना पुरुषांपेक्षा खडे जास्त होतात हे खरं. बाळंतपणं आणि वय यांचा संबंध आहे, लठ्ठपणाचाही आहे. पण ‘गोरी’ हा शब्द युरोपातल्या पेशंटांकडे बघून घातलेला, आणि आम्ही सोलापूर जिल्ह्यातल्या मुलींनी तो घोकला. परिणाम असा की काळीसावळी, हडकुळी, कष्टाची बाई पोट धरून आली की समोरच्याच्या मनात खडा येतच नाही. त्याच्या मनात येतं, उपाशी राहते, पित्त झालं असेल.

उपाशी राहते हे मात्र बरोबर असतं. आणि खड्याची गोष्ट तिथूनच सुरू होते.

पित्तात कोलेस्टेरॉल असतं. ते पाण्यात विरघळत नाही. यकृत त्यासोबत पित्तक्षार सोडतं, आणि तेलकट भांड्याला साबण जे करतो ते काम हे क्षार करतात, कोलेस्टेरॉल विरघळवून ठेवतात. कोलेस्टेरॉल फार झालं, किंवा क्षारांचं गणित बिघडलं, किंवा पिशवी वेळेवर रिकामी झाली नाही, तर बारीक कण तयार होतात, साठतात आणि त्यांचे खडे बनतात.

आता जंतूंकडे येते. जंत नव्हे, जंतू. जंताची गोळी शाळेत मुलांना देतात ती वेगळ्या किड्यांसाठी. मी बोलतेय ते डोळ्यांना न दिसणारे जंतू. ते आपल्या मोठ्या आतड्यात कायमचे राहतात, आणि शरीरातल्या पेशी जितक्या आहेत साधारण तितकीच त्यांची संख्या भरते. बहुतेक आपल्या कामाचे आहेत. पित्तक्षार आतड्यात आपलं काम करतात, मग त्यातले शंभरातले पंचाण्णव भाग शेवटच्या लहान आतड्यातून शोषले जाऊन परत यकृतात जातात आणि पुन्हा वापरले जातात. जे थोडे मोठ्या आतड्यात उतरतात त्यांचं रूप तिथले जंतू बदलून टाकतात. हे बदललेले क्षारही शोषले जाऊन पित्तात येतात. ते प्रमाणाबाहेर वाढले की पित्तात कोलेस्टेरॉल जास्त उतरतं आणि खडा व्हायला जागा मिळते. मळ आतड्यात जितका जास्त वेळ तुंबून राहतो तितका या जंतूंना वेळ मिळतो. म्हणून बद्धकोष्ठ आणि खडा यांचं नातं डॉक्टर बऱ्याच वर्षांपासून सांगत आले. २०२२ साली चीनमधल्या संशोधकांनी एक पाऊल पुढे टाकलं. ज्या उंदरांना सहसा खडे होत नाहीत अशा उंदरांच्या आतड्यात त्यांनी खड्याच्या पेशंटांच्या विष्ठेतले जंतू सोडले, तर त्या उंदरांना खडे झाले.

हे उंदरांतलं काम आहे. त्यावरून बाजारात ‘चांगल्या जंतूंची’ पुडी खड्यावरचं औषध म्हणून कुणी विकायला आलं तर घेऊ नका. तशी पुडी अजून सिद्ध झालेली नाही. पण जंतूंना काय खायला घालायचं हे आपल्या हातात आहे. ज्वारीची भाकरी, डाळ, पालेभाजी, घेवडा, मटकी यांतला चोथा मळ पुढे सरकवतो आणि चांगल्या जंतूंना पोसतो. आमच्या सोलापूरची शेंगाचटणी तर खड्याच्या बाबतीत गुणाचीच म्हणावी लागेल. अमेरिकेत ऐंशी हजारांवर नर्सेसचा वीस वर्षं पाठपुरावा केला. त्यात आठवड्यातून पाच किंवा अधिक वेळा शेंगदाणे, बदाम असं काही खाणाऱ्या बायकांत पित्ताशय काढायची वेळ सुमारे पाव हिश्श्याने कमी आली. बदाम आपल्याला परवडत नाही, शेंगदाणा परवडतो. रेशनवर गहू-तांदूळच जास्त हाती पडतात आणि वस्तीत ज्वारीची भाकरी मागं पडली, हे मला मोठं नुकसान वाटतं. ज्यांना आधीच खड्याची कळ येते त्यांनी मात्र ऑपरेशन होईपर्यंत तेलकट बेतानेच खावं, त्याने कळ उठते.

आता उपाशी राहण्याबद्दल. त्या ताईला मी तिचा दिवस विचारला. रात्री नऊला जेवण. सकाळी कोरा चहा, कधी बिस्किट. मुलांचे डबे, नवऱ्याचा डबा, पाणी आलं असेल तर पाणी. साडेदहाला दुकान. डबा उघडायला दोन, कधी तीन वाजतात, कारण गिऱ्हाईक असतं. रात्री नऊ ते दुपारी दोन म्हणजे सतरा तास. एवढा वेळ तिची पित्ताची पिशवी भरलेली, न हलता पडून असते. साचलेल्या पाण्यात गाळ बसतो तसा त्यात गाळ बसतो. नुसत्या चहाने ती नीट रिकामी होत नाही. रात्रीचं जेवण आणि दुसऱ्या दिवशीचं पहिलं खाणं यांत अंतर जितकं लांब तितका खड्याचा त्रास जास्त, असं बायकांच्या पाहणीत दिसलेलं आहे. धुणीभांडी करणाऱ्या, विड्या वळणाऱ्या, शिलाईच्या कारखान्यात बसणाऱ्या आपल्या बायकांचं वेळापत्रक यापेक्षा वेगळं नाही.

मग कुणी म्हणेल, घरून भाकरी खाऊन निघावं. निघावंच. सकाळी आठला अर्धी भाकरी आणि चटणी खाल्ली तरी मोठा फरक पडेल, आणि घरात सगळ्यांचं झाल्यावर उरलं तर खायचं ही सवय मोडली पाहिजे. पण सगळा दोष त्या बाईवर टाकून चालणार नाही. दुकानांच्या कायद्यात सलग काम करून घ्यायला मर्यादा आहे, मध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती द्यावी लागते. मोजकेच कामगार असलेल्या छोट्या दुकानापर्यंत मात्र कायद्याचा हा हात पोचत नाही, आणि आपल्या बहुतेक बायका अशाच दुकानांत आहेत. बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूरमंत्री होते. कारखान्यातल्या कामाचे आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले ते त्यांच्याच काळात. नवी पेठेतल्या दुकानमालकांकडे बारा-साडेबाराला डबा खायची अर्धी घटका मागायला आपल्या महिला मंडळांनी एकत्र जावं, असं मला वाटतं. त्यात भांडणाचं काही नाही. गिऱ्हाईक पंधरा मिनिटं थांबतं.

उपासाबद्दलही एक बोलते, राग आला तरी चालेल. बावीस प्रतिज्ञा घेतल्या, पण सोमवार आणि मार्गशीर्षातले गुरुवार अजून काही घरांत गुपचूप चालू आहेत. साबुदाण्याची खिचडी नाहीतर दिवसभर काहीच नाही, असे ते उपास. सोडून द्या. वर्षावासात अष्टशील घेणाऱ्या उपासिका दुपारनंतर जेवत नाहीत, त्यांनाही सांगते: पौर्णिमेचा एक दिवस चिंतेचा नाही, पण त्या दिवशी सकाळचं आणि दुपारी बाराच्या आतलं जेवण पोटभर करा. आणि ज्यांना खडा आहे, साखरेचा आजार आहे किंवा दिवस गेलेत, त्यांनी भन्तेजींना सांगून जेवण सोडण्याचा नियम घेऊ नये.

जंतूंचा दुसरा धागा पाण्यातून येतो, आणि हा भाग मला जास्त अस्वस्थ करतो. खड्यांचा एक प्रकार तपकिरी, मऊ असतो. तो जंतूच घडवतात. पित्ताच्या नळीत जंतू शिरले की पित्तातला रंग सुटा होतो, कॅल्शियमशी मिळतो आणि खडा तयार होतो. आणि खडा आधीच असेल तर त्यावर बसून राहणारा एक जंतू आहे, टायफॉईडचा. टायफॉईड बरा झाला, ताप गेला, तरी शंभरातल्या दोन-चार जणांच्या पित्ताशयात तो जंतू मुक्काम करतो. खड्यावर तो चिकट थर करून राहतो, औषध त्या थराच्या आत नीट पोचत नाही. माणूस ठणठणीत दिसतो आणि त्याच्या संडासातून जंतू बाहेर पडत राहतात. न्यूयॉर्कमध्ये मेरी मॅलन नावाची स्वयंपाकीण होती. ती ज्या घरी कामाला जायची तिथे टायफॉईड व्हायचा. १९०७ साली तिच्यात जंतू सापडले, पित्ताशय काढून टाक म्हणाले, तिने ऐकलं नाही. आयुष्याची वीसहून अधिक वर्षं तिला एका बेटावर कोंडून ठेवलं, आणि वर्तमानपत्रांनी तिला ‘टायफॉईड मेरी’ म्हणून बदनाम केलं. गरीब, परदेशातून पोट भरायला आलेली मोलकरीण होती ती. तिच्याशी जे वागले ते मला कधीच पटलं नाही. पित्ताशयात जंतू बाळगणारी श्रीमंत माणसंही असणारच, त्यांना कुणी बेटावर नेल्याचं मी वाचलेलं नाही.

सोलापुरात टायफॉईड का हटत नाही? नळाला पाणी रोज नाही. चार-चार, पाच-पाच दिवसांआड येतं. उजनीपासून शंभर किलोमीटरहून लांब येतं ते, आणि गल्लीतल्या पाइपात मधले दिवस काहीच नसतं. रिकाम्या पाइपाला जिथे भोक आहे तिथून शेजारच्या गटाराचं पाणी आत ओढलं जातं. त्यात कुणी नळाला थेट मोटार लावली की ओढ आणखी वाढते. मग पहिलं पाणी गढूळ येतं आणि पाच दिवस पुरायला बॅरलमध्ये तेच साठतं. पहिली दहा मिनिटं पिण्याचं भरू नका. पिण्याचं पाणी खळखळ उकळा, झाकून ठेवा, हात न बुडवता ओगराळ्याने काढा. आशाताईंकडे क्लोरीनचं औषध मिळतं ते मागा. पण घरात उकळणं हा अर्धाच उपाय. गळका पाइप दुरुस्त करणं महापालिकेचं काम आहे आणि ते करून घेणं आपलं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब चवदार तळ्यावर ओंजळभर पाणी प्यायले, तो माणुसकीच्या हक्काचा लढा होता. नंतर तिथल्या सनातन्यांनी तळं ‘शुद्ध’ करायला शेण आणि गोमूत्र घातलेल्या १०८ घागरी त्यात ओतल्या. जंतूंचं शास्त्र शिकल्यापासून ही गोष्ट आठवली की मला एकाच वेळी हसू आणि संताप येतो. आज तळं मोकळं आहे, पण वस्तीच्या पाइपात काय येतं याचा हिशोब कोण मागतो?

टायफॉईडवरून आणखी दोन गोष्टी, आई-बापांसाठी. ताप आला की विडाल टेस्ट, टेस्ट आली की टायफॉईड, टायफॉईड म्हटलं की सलाईन, हे चक्र आपल्याकडे फार आहे. विडाल पुष्कळदा चुकवते. अँटिबायोटिक सुरू करण्याआधी रक्ताचं कल्चर होईल का, हे डॉक्टरांना विचारा. विचारण्यात अपमान नाही. गरज नसताना घेतलेलं अँटिबायोटिक आतड्यातले कामाचे जंतूही मारतं. दुसरं, टायफॉईडला सेफ्ट्रायॅक्झोन नावाचं इंजेक्शन देतात. ते चांगलं औषध आहे, पण काही जणांत, विशेषतः मुलांत, ते पित्ताशयात कॅल्शियमबरोबर साका धरतं आणि सोनोग्राफीत हुबेहूब खडे दिसतात. औषध थांबलं की काही दिवसांत, कधी आठवड्यांत, ते बहुधा आपोआप जातात. तेव्हा इंजेक्शनच्या कोर्सनंतर लेकराच्या पोटात ‘खडे’ निघाले आणि लगेच ऑपरेशन सांगितलं, तर थोडं थांबून पुन्हा सोनोग्राफी करायची का, हे आधी विचारा. आणि ज्यांचे नातेवाईक विदर्भात आहेत त्यांना एवढंच सांगते: आपल्या समाजात तिकडे सिकलसेल आहे. लहान वयात खरे खडे निघाले, अंगात रक्त कमी, डोळे पिवळे असतील तर सिकलसेलची तपासणी करून घ्या.

आता खडा निघाल्यावर लोक काय करतात ते बघा. पहिली चूक, मुतखड्याचं औषध. कुळथाचा काढा, पानफुटीची पानं. मुतखडा मूत्रपिंडात असतो, लघवीवाटे पडू शकतो. पित्ताशयाचा लघवीच्या वाटेशी संबंधच नाही. दुसरी, तोंडाने किंवा नळीने खडा ओढून काढणारे. खड्याला गेलेली माणसं हातात खरोखरचा खडा घेऊन येतात. तो त्या बुवाच्या गालात आधीपासून असतो. बोटाने शस्त्रक्रिया केल्याचा दावा करणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. तिसरी मोबाईलवर फिरते: रात्री ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस प्या, सकाळी हिरवे खडे पडतील. पडतात खरे. २००५ साली ‘लॅन्सेट’मध्ये डॉक्टरांनी ते तपासून छापलं, ते खडे नव्हतेच. तेल आणि लिंबू यांचा पोटात झालेला साबण होता.

खडा आहे पण कधीच दुखलं नाही, अशा बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही. दुसऱ्याच कारणाने केलेल्या सोनोग्राफीत खडा दिसला म्हणून घाबरवून कुणी टेबलावर घेत असेल तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. ऊसतोड बायकांच्या पिशव्या बीडकडे कशा काढल्या गेल्या हे आपण पाहिलंय. पण कळ येत असेल तर टाळू नका. खडा नळीत अडकला की कावीळ होते, स्वादुपिंडाला सूज येते, जीव जाऊ शकतो. थंडी वाजून ताप, डोळे पिवळे, लघवी चहासारखी, मळ पांढुरका, उलटी थांबत नाही, कळ पाच-सहा तास उतरत नाही, यातलं एक जरी झालं तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री सिव्हिलला जा.

ऑपरेशनमध्ये खडे नाही, पिशवीच काढतात. नुसते खडे काढले तर पुन्हा होतात. "अवयव काढला तर बाई कामाची राहते का?" असं मला सासवा विचारतात. राहते. यकृत पित्त बनवतच राहतं, ते थेट आतड्यात येतं. काही जणांना सुरुवातीला संडास पातळ होतो, तेवढंच. दुर्बिणीतून हे ऑपरेशन देशात पहिल्यांदा १९९० साली झालं, डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात केलं. म्हणजे सरकारी दवाखान्यात, गरिबांच्या वॉर्डात. हे मी मुद्दाम सांगते, कारण ‘दुर्बीण म्हणजे खासगी, खासगी म्हणजे कर्ज’ हे आपल्या डोक्यात बसलंय. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं जुनं रूप २०१२ साली ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झालं त्यात सोलापूर होतं. आधार कार्ड आणि रेशन कार्ड घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधी भेटा, आपलं ऑपरेशन कुठे आणि कसं बसतं ते त्याच्याकडून लिहून घ्या, मगच पैसे भरायचं बघा.

विनयपिटकात एक प्रसंग आहे. एक भिक्खू जुलाबाने आजारी होऊन आपल्याच घाणीत पडलेला, आणि कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं, कारण त्याने कुणाचं काही केलं नव्हतं. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितलं आणि दोघांनी मिळून त्याला धुतलं. ऑपरेशनला बाई दाखल झाली की घरचं कोण करणार, मुलांचे डबे कोण देणार, एवढ्यावरून आमच्या कितीतरी तारखा चुकतात. त्या ताईचीही एक चुकली. आता शेजारच्या तिघींनी तिची मुलं आठ दिवस वाटून घेतलीत आणि दुकानमालकाला मी स्वतः भेटून आले.

ज्यांच्याकडे ‘पित्ताची गोळी’ वर्षभरापेक्षा जास्त चालू आहे, त्यांनी येत्या पौर्णिमेला वंदनेनंतर विहारात थांबावं. जुने कागद असतील तर पिशवीत घालून आणा. कुठे दुखतं, केव्हा दुखतं, कोणती गोळी घेता, हे आपण बसून लिहून काढू आणि सोनोग्राफीला कुणी जायचं ते ठरवू. मी साडेदहापर्यंत आहे. आणि येताना काहीतरी खाऊन या.